तपासलेलं दूध

गिरधर आबांचं गाव सोनगीरच्या किल्ल्यावरून दिसतं. पण किल्ल्यावर चढलेला माणूस हायवेकडे बघतो, त्यामुळे ते फारसं कोणी पाहिलेलं नाही. गावात सव्वाशे घरं, एक दूध संकलन केंद्र आणि एक नियम. दूध विकावं, तूप विकावं, वेळ पडली तर म्हैसही विकावी, पण ताक विकू नये. ताक मागायला आलेल्याला रिकाम्या लोटीने परत पाठवू तर मुळीच नये.

या एका नियमावर गिरधर आबांचं सगळं समाजकारण उभं होतं. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा कुंदन सुरतेला साड्यांच्या कारखान्यात होता. दर रविवारी त्याचा फोन येई, "बाबा, म्हैस विका," एवढं सांगे आणि बंद होई. आबा म्हैस विकत नव्हते. मैना सात लिटर दूध द्यायची आणि एकट्या माणसाला सात लिटरचं काय करायचं, हा प्रश्न कुंदनला पडायचा. आबांना पडत नव्हता. दोन लिटर हनीफच्या घरी जायचं, बाकीच्याचं विरजण लागायचं. सकाळी साडेसातला ताकाचं मडकं ओट्यावर आलं की पुढचा तासभर आबांच्या दारात माणसं असायची.

पहिली भिकुबाई. ती शेजारचीच. लोटी भरेपर्यंत डाव्या गुडघ्याची हकिगत सांगायची, लोटी भरली की उजव्या. मग एकेक जण येई. कोणाची सून कशी, कोणाच्या कपाशीवर काय पडलं, कोण कोणाशी बोलत नाही. आबांना गुडघ्यांत किंवा सुनांमध्ये विशेष गोडी होती असं नाही. पण साडेआठला मडकं रिकामं झालं की घरात जी शांतता पसरायची, ती थेट संध्याकाळी पाचपर्यंत पुरायची.

पाचला हनीफ यायचा. सोनगीर फाट्यावर त्याचं बॅटरीचं दुकान. ट्रकच्या बॅटऱ्या उघडायच्या, प्लेटा बदलायच्या, पुन्हा बंद करायच्या, असं तीस वर्षांचं काम. दूध त्याच्या नातीला लागायचं. माहेनूर दीड वर्षाची होती आणि मैनेच्या दुधाशिवाय दुसऱ्या दुधाला तोंड लावत नव्हती. दूध न्यायला खरं तर पाच मिनिटं पुरली असती. हनीफ अर्धा तास बसायचा. बोलणं फार नसे.

"आज ऊन शे," हनीफ म्हणायचा.

"शे," आबा म्हणायचे.

यात दोघांचाही दिवस सार्थकी लागायचा.

मागच्या दिवाळीच्या सुमारास आबांचं मैनेसाठी आंबोण भिजवायचं घमेलं फुटलं. आबा नवं आणायला निघाले, तर हनीफने अडवलं. "विकत कशाला घेता गिरधरभाऊ? मी आणतो." दुसऱ्या दिवशी त्याने ट्रकच्या बॅटरीचं मोठं खोकं आणलं. आतले कप्पे कापलेले, कडा घासून गुळगुळीत केलेल्या, तीनदा धुतलेलं. बाहेर 'पाच वर्षांची गॅरंटी' असा कागदही शाबूत होता. आबांनी रोज रात्री त्यात सरकीची ढेप भिजत घालायला सुरुवात केली. सकाळपर्यंत ती जराशी आंबायची आणि मैना ती अगदी कोपरे चाटून संपवायची. तिचं झालं की पारडू चाटायचं. गावातल्या तिघांनी हनीफकडे तसलंच खोकं मागितलं. सुदैवाने हनीफला वेळ झाला नाही.

वर्षभराने पारडू भिंतीला डोकं लावून उभं राहिलं. तासभर तसंच. मग गोल फिरायला लागलं, दात खायला लागलं, समोरची बादली त्याला दिसेना. भिकुबाई म्हणाली नजर लागली. दुसऱ्या एकाने साप सांगितला. तिसऱ्याने गव्हाणीची दिशा चुकली आहे असं निदान केलं आणि दिशाही दाखवली. सोनगीरच्या जनावरांच्या दवाखान्यातून ऋतिका मॅडम येईपर्यंत पारडू आडवं झालं होतं. मॅडम पंचविशीच्या, नव्यानेच नोकरीला लागलेल्या. त्यांनी पारडाच्या डोळ्यापुढे हात हलवला. मग पारडू सोडून गोठाच तपासायला लागल्या.

"आबा, इथे कुठे रंगाचा डबा पडलाय? जुनी बॅटरी?"

"बॅटरी नही. खोकं शे," आबा अभिमानाने म्हणाले. "पाच वर्षांची गॅरंटी."

मॅडमनी खोक्याच्या कोपऱ्यात बोट फिरवलं. बोटाला राखाडी गाळ लागला. त्यांनी ते बोट उजेडात धरून पाहिलं. मग पारडाचं रक्त घेतलं, मैनेचं रक्त घेतलं आणि एका स्वच्छ बाटलीत मैनेचं दूध मागितलं.

पारडू त्याच संध्याकाळी गेलं. मॅडमच्या सांगण्यावरून खोकंही पारडासोबत खड्ड्यात पुरलं. बाटल्या पुण्याच्या प्रयोगशाळेत गेल्या. बारा दिवसांनी मॅडम कागद घेऊन स्वतः आल्या आणि ओट्यावर बसल्या.

"शिसं आहे, आबा. दुधात चालतं त्याच्या अकरा पट."

"पण मैना तर खाते, पिते, रवंथ करते."

"करेल. मोठं जनावर दाखवत नाही. ढेप आंबली की त्या आंबटाने कोपऱ्यातलं शिसं सुटतं. पोटात गेलं की शरीराला ते चुन्यासारखंच वाटतं, म्हणून ते हाडात नेऊन ठेवतं. आणि दूध करायला हाडातला चुना काढला की त्याच्यासोबत तेही बाहेर येतं."

"म्हणजे खोकं फेकलं तरी?"

"तरी काही महिने येत राहणार. दूध काढावं लागेल, नाहीतर सड सुजतील. पण कोणाला द्यायचं नाही. विहिरीपासून लांब खड्डा करा आणि त्यात ओता. मी मधून मधून तपासेन."

"ताक?"

"ताकही नाही. तुपात कमी उतरतं, पण तेही राहू द्या." मग मॅडमनी विचारलं, "हे दूध कोणी लहान मूल पितं का?"

आबांनी पाच वाजायची वाट पाहिली नाही. चपला घातल्या आणि फाट्याकडे चालायला लागले. अडीच किलोमीटर. वाटेत त्यांनी सांगायची वाक्यं चार तऱ्हांनी जुळवली. एकात खोक्याचा उल्लेखच नव्हता. ते सगळ्यांत सोपं होतं. खोकं आता खड्ड्याच्या तळाशी होतं, पारडू बोलणार नव्हतं आणि मॅडमना फाट्यावरचा हनीफ माहीत नव्हता. म्हैस आजारी आहे, एवढं सांगितलं असतं तरी चाललं असतं. हनीफ रोज पाचला आला असता, दूध नसतानाही.

पण मग मुलीचं रक्त कोणी तपासलं नसतं.

हनीफ मांडीवर बॅटरी घेऊन बसला होता. आबांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, खोक्यासकट. हनीफने ऐकलं. हातातली प्लेट खाली ठेवली, हात पाठीमागे सदऱ्याला पुसले आणि शटर ओढलं. दुपारी तीनला त्याचं शटर ओढलेलं कोणी पाहिलं नव्हतं. फाट्यावरच्या चहावाल्याने कोण वारलं म्हणून विचारलंसुद्धा.

धुळ्याच्या डॉक्टरांनी मुलीचं रक्त घेतलं, मग सहज विचारलं, घरात काम कोण काय करतं. ते ऐकून हनीफचंही घेतलं. आकडे आठ दिवसांनी आले. मुलीचं जास्त होतं. औषध लागण्याइतकं नव्हतं, पण तिला त्यापासून लांब ठेवा, नीट खायला घाला, तीन महिन्यांनी पुन्हा आणा, असं सांगितलं. हनीफचं मुलीच्या पाचपट होतं.

हनीफ आबांच्या फाटकाबाहेर उभा राहून हे सांगत होता.

"आत ये ना."

"नाही भाऊ. कपडे दुकानातलेच आहेत." तो फाटकाच्या त्या बाजूलाच राहिला. "डॉक्टर म्हणाले, दुधातून गेलं ते गेलंच. पण रोज संध्याकाळी हेच कपडे घालून तिला मांडीवर घ्यायचो, ते त्याहून जास्त. तुमची म्हैस उगीच बदनाम झाली. तिच्या आधी माझी मांडी होती."

आबा म्हणाले, "आज थंडी शे."

"शे," हनीफ म्हणाला आणि गेला.

सकीना, म्हणजे हनीफची सून, चार दिवसांनी मुलीला घेऊन जळगावला माहेरी गेली. तिथल्या मेहरूण भागात तिच्या वडिलांचं घर होतं. भांडण नव्हतं, डॉक्टरांनीच लांब म्हणून सांगितलं होतं. हनीफ दर शुक्रवारी आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून जळगावला जायचा आणि नातीपासून दोन हात लांब बसून परत यायचा. दूध न्यायचं कारण संपलं होतं. पाच वाजायचे, आबा फाटकाकडे बघायचे, आणि मग दूध काढायला बसायचे.

इकडे ताकाचा प्रश्न होता. आबांनी खरं ते सांगायचं ठरवलं आणि पहिल्याच सकाळी भिकुबाईला सांगितलं. भिकुबाईने लोटी पुढे धरलेलीच ठेवली.

"सालभर पिदं आम्ही. काय व्हयनं आमले?"

"अक्का, दिसत नही ते. हाडात बसतं."

"माझ्या हाडात आधीच काय काय बसलंय. त्यात हे एक. घाल ताक."

"नही अक्का."

"देनं नही तं सरळ नही म्हन!" भिकुबाई कडाडली. "वास नाही, चव नाही, रंग नाही, आणि म्हणे ताकात शिसं! माणसाने निदान मांजर पडलं म्हणून सांगावं!"

दुपारपर्यंत गावात पक्कं झालं. म्हाताऱ्याला म्हातारपणी चिकटपणा सुचला. तूप सुरतेला पाठवतो आणि दारात आलेल्याला शिसं सांगतो. ऋतिका मॅडमनी दवाखान्यात आलेल्या दोघांना समजावून पाहिलं, तेव्हा मॅडमनाही आबांनी फितवलं असं ठरलं. आबा सकाळ-संध्याकाळ बादली घेऊन मागच्या बांधाकडे जातात आणि सात लिटर दूध खड्ड्यात ओततात, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. मग चिकटपणाची बातमी मागे पडली आणि डोक्यावर परिणाम झाल्याची पुढे आली. त्यातल्या त्यात ही बरी. वेड्याशी लोक निदान सांभाळून बोलतात. पण बोलायलाच कोणी येत नव्हतं.

एकदा संकलन केंद्राचा अमृत आला. तो केंद्राचा सचिव आणि माणूस मनाने चांगला होता, एवढं दूध मातीत जाताना त्याला बघवत नव्हतं.

"आबा, माझ्याकडे घाला ना. सहाशे लिटरची टाकी. तुमचं सात लिटर त्यात काय कळणार?"

"तपासत नाहीत?"

"तपासतो की! फॅट तपासतो, पाणी घातलंय का ते तपासतो. तुमच्या मैनेची फॅट एक नंबर लागेल. मशीनला शिशाचं बटणच नाही."

आबांनी बादली खाली ठेवली. "बाकीच्या सहाशे लिटरमध्ये कोणाच्या गोठ्यातलं काय असेल रे?"

अमृत म्हणाला, "म्हणून तर बटण नाही, आबा."

आबांनी बादली उचलली आणि बांधाकडे गेले. अमृत थोडा वेळ उभा राहिला, मग त्यालाही कामं होती.

त्यानंतर एक गुरांचा व्यापारी आला, चांगली दुभती म्हैस वेडा माणूस स्वस्तात देईल या आशेने. आबांनी त्याला कागद दाखवला. व्यापारी म्हणाला, कागद तुमच्याकडेच ठेवा, म्हैस द्या. पुढच्याला विचारायची सवय नसते. आबांनी दोन्ही ठेवून घेतलं.

त्या हिवाळ्यात आबा मैनेशी बोलायला लागले. मैना ऐकून घ्यायची. आबांनी तिच्याजवळ सगळ्या गावाची तक्रार केली, पारडाची माफी मागितली, हनीफची बाजू मांडली. एकदा "आज धुकं शे" म्हणूनही पाहिलं. मैनेने शेपूट हलवलं, पण ते माशीसाठी होतं.

पौष संपता संपता तिसरा नमुना पुण्याहून परत आला. ऋतिका मॅडम यावेळी गाडीवरून उतरायच्या आधीच हसत होत्या. "मर्यादेच्या आत, आबा! आता खुशाल द्या. मीसुद्धा पिते, आणा पेलाभर." त्यांनी खरंच प्यायलं. आबांनी इतक्या मनापासून कधी कोणाकडे पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आबांनी ताक घुसळलं आणि साडेसातला मडकं ओट्यावर ठेवलं. कागदाची झेरॉक्स दारावर चिकटवली, शिक्का दिसेल अशी. साडेआठ वाजले. नऊ वाजले. नवाच्या सुमारास भिकुबाई समोरून गेली.

"अक्का, ताक शे. तपासलेलं."

भिकुबाईने दारावरचा कागद लांबून पाहिला. तिला वाचता येत नव्हतं, पण शिक्का ओळखता येत होता. शिक्का म्हणजे भानगड, हे तिला आयुष्याने शिकवलं होतं. "म्हणजे तवा खरंच होतं?" ती म्हणाली.

"होतं. आता नही."

"राहू दे भाऊ. आम्ही पिशवीचं लावलं आता." आणि जाता जाता, जरा मवाळ आवाजात, "गुडघा बरा शे."

आबा नंतर फाट्यावर गेले. हनीफने कागद हातात घेतला नाही, आधी हात धुऊन आला. पुन्हा पुन्हा वाचला. "सकीनाला द्या नेऊन," तो म्हणाला. "पोरगी पावडरीचं दूध पिते, निम्मं सांडते. तुमच्या दुधाची आठवण काढते असं सकीना सांगायची."

"तू चल."

"मी शुक्रवारी जातो. तुम्ही आधी जा. सकीना तुमचा शब्द मोडणार नाही."

आबांनी सकाळचं दूध तापवलं, निवू दिलं, दोन लिटरच्या स्टीलच्या कॅनमध्ये भरलं. नरडाण्याहून पॅसेंजर धरली. कॅन दोन्ही पायांच्या मध्ये आणि कागद बंडीच्या आतल्या खिशात, अशा तयारीने ते जळगावला उतरले आणि रिक्षाने मेहरूणला गेले.

सकीनाने दार उघडलं आणि डोक्यावर पदर घेतला. "आबा! इतक्या लांब?" आत नेलं, खुर्ची दिली, पंखा लावला, थंडी होती म्हणून लगेच बंद केला. माहेनूर आतल्या खोलीच्या उंबऱ्यात बसून चमच्याने वाटी वाजवत होती. अंगाने भरली होती. आबांना तिने ओळखलं नाही. तीन महिने म्हणजे तिच्या आयुष्याचा चांगला मोठा तुकडा होता.

आबांनी कागद काढला. सकीनाने तो नीट वाचला. तारीख, आकडा, खालची सही. मग कॅनकडे बघितलं.

"आबा, एक सांगू? राग मानू नका."

"सांग पोरी."

"कागद खरा आहे. तुम्ही खरे आहात. तुम्ही लपवलं असतं तर आम्हाला कळलंही नसतं, हे मी रोज म्हणते. पण हात होत नाही. तिच्या तोंडाला वाटी लावायला हात होत नाही."

आबांनी मान हलवली. त्यांनी कॅन खुर्चीखाली सरकवला, तिच्या नजरेआड. "बरोबर शे. माझाही झाला नसता."

सकीनाने चहा केला. दुधाचा न करता लिंबाचा केला, आणि तो का केला हे दोघांनाही कळलं. आबांनी तो फार छान झाल्याचं सांगितलं. निघताना सकीना म्हणाली, "तुम्ही येत जा, आबा. दूध नका आणू. तुम्ही या." आबा हो म्हणाले. रिकाम्या हाताने लेकराच्या घरी कसं यायचं, हे ते विचारणार होते, पण रिक्षा थांबली होती.

संध्याकाळचं दूध काढायला घरी पोचायचं होतं. परतीच्या पॅसेंजरमध्ये समोर एक तरुण बाई बसली होती. तिच्या मांडीवर दोन वर्षांचं मूल रडत होतं. सगळ्या डब्याने त्याला गप्प करून पाहिलं होतं.

"भूक लागलीय," बाई सगळ्यांना मिळून म्हणाली. "बाटली घरीच विसरले." मग तिची नजर कॅनवर गेली. "आबा, दूध आहे का त्यात?"

आबांचा चेहरा उजळला. "आहे की! म्हशीचं. सकाळचं, तापवलेलं."

"थोडं द्याल? या झाकणात?" तिने पिशवीतून खाऊच्या डब्याचं झाकण काढून पुढे केलं.

आबांनी कॅनचं झाकण उघडलंसुद्धा. आणि मग त्यांना राहवलं नाही. बंडीत हात घालून त्यांनी कागद काढला. "निर्धास्त पाज पोरी. पुण्याहून तपासून आलेलं आहे."

बाईचा हात थांबला. "तपासून? कशाला तपासलं?"

आबांना तिथेच थांबता आलं असतं. सवय म्हणून तपासतो, असं म्हणता आलं असतं. डबा ऐकत होता, मूल रडत होतं.

"आधी त्यात शिसं निघालं होतं," आबा म्हणाले. "आता नही."

बाईने आपलं झाकण मागे घेतलं. उद्धटपणे नाही, अगदी जपून. "नको आबा. राहू द्या," ती म्हणाली आणि मुलाला घेऊन खिडकीकडे सरकली. शेजारच्या माणसानेही पाय जरा आवरून घेतले.

आबांनी कॅन बंद केला.

धरणगावला गाडी थांबली. एक विक्रेता मोठी किटली घेऊन चढला, "चाय, दूध, गरम दूध" करत. बाईने त्याला हाक मारली. त्याने कागदी पेल्यात दूध ओतलं. कोणाच्या म्हशीचं, कुठल्या गावचं, तिने काय खाल्लं होतं, कोणी काही विचारलं नाही. मुलाने दोन्ही हात पुढे केले.

"फुंकून दे," आबा म्हणाले. "पोळेल त्याला."